रुजू झाल्यानंतरचं काम

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पहिल्याच महिन्यात तीन दिव्यांग मुलांना कामाला लावलंस, त्याबद्दल अभिनंदन. पण पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलं आहेस, ‘त्यातला एक आठ दिवसांत घरी बसला, त्याला काम जमत नव्हतं.’ मला तुझ्याशी त्याच वाक्याबद्दल बोलायचं आहे. दिव्यांगांना नोकरी मिळवून देणाऱ्या आपल्या संस्थेच्या अहवालात तो मुलगा ‘नोकरी मिळाली’ याच रकान्यात राहील, कारण देणगीदार तेवढंच विचारतात. वर्षानंतर किती जण टिकले, हे कोणी विचारत नाही. तू मात्र स्वतःला तेच विचार.

‘काम जमत नव्हतं’ हे कारण कंपनीनं दिलं आणि तू लिहून घेतलंस. ते सहसा खरं नसतं. माझ्या पाहण्यात आपल्या मुलांची नोकरी कामामुळे क्वचित सुटते. ती सुटते कामाच्या अवतीभवतीच्या गोष्टींमुळे: बस, पाळीची वेळ, कॅन्टीन, बदललेला सुपरवायझर, घरची धास्ती.

आधी कामाचंच बघू. १९७०च्या दशकात अमेरिकेत इलिनॉयला मार्क गोल्ड नावाच्या शिक्षकानं तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. ब्रेकचे सुटे भाग पंधरा. ही माणसं काही शिकणार नाहीत, असं त्यांच्याबद्दल आधीच ठरून गेलेलं होतं. गोल्डनं काम बारीक बारीक कृतींमध्ये तोडलं, बोलणं कमी केलं, हातानं दाखवलं. काही जणांसाठी प्रत्येक भागाच्या एका बाजूला रंग दिला. जोडताना रंगाची बाजू आपल्याकडे आली पाहिजे, एवढीच खूण. ती माणसं ब्रेक जोडायला शिकली. गोल्डचं म्हणणं असं, की विद्यार्थ्याला येत नसेल तर शिकवण्याची रीत बदला. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये हे आजही करून बघता येतं.

म्हणून मुलगा पाठवण्याआधी, त्याला जिथे काम करायचं आहे त्या टेबलावर तू स्वतः एक पूर्ण पाळी काम कर. मालकाला विचित्र वाटेल, पण नाही म्हणणारे थोडे. जॉब म्हणजे तयार होणारा भाग उचलायचा, बर म्हणजे त्याच्या कडेला राहिलेला कीस काढायचा, गेज म्हणजे माप तपासायचं साधन लावायचं, ओके किंवा रिजेक्टच्या ट्रेमध्ये टाकायचा, हे सगळं आपल्या हातानं केल्यावर नेमकी अडचण कुठे येणार ते कळतं. बहुतेकदा ती हाताची नसते, निर्णयाची असते. एवढा ओरखडा चालतो की नाही? यावर उपाय सोपा आहे. टेबलासमोर एका फळीवर चांगला जॉब आणि रिजेक्ट जॉब शेजारी शेजारी लावायचे. बाजूचे कामगारही गुपचूप तिकडे बघून खात्री करून घेतात, हे तुझ्या लक्षात येईल.

पूर्वीची रीत अशी होती की कार्यशाळेत वर्षानुवर्षं पणत्या, पाकिटं, मेणबत्त्या करायला शिकवायचं आणि ‘तयार’ झाला की नोकरी बघायची. त्या कामाला मी नावं ठेवणार नाही. रजनीताई लिमये यांनी १९७७मध्ये नाशिकला बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी ही संस्था सुरू केली, तेव्हा ही मुलं शाळेत जातील हेच लोकांना नवल होतं. त्या पिढीनं त्यांना घराबाहेर काढलं नसतं तर आज तुझ्याकडे कोणी आलंच नसतं. पण पणती रंगवण्यातली सफाई गेज लावताना आपोआप कामाला येत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः व्हर्जिनियात, हा क्रम उलटा केला गेला: आधी खरी नोकरी, मग त्याच जागी शिकवण. मानसिक आजार असलेल्यांसाठी रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर या संशोधकांनी पुढे तेच केलं. पूर्ण बरं होण्याची वाट न बघता, ज्याला काम हवं आहे त्याला काम शोधून द्यायचं आणि उपचार सोबत चालू ठेवायचे. रात्रीच्या गोळ्यांनी सकाळी गुंगी राहत असेल तर सातऐवजी दहाला यायची मुभा मागायची. अर्थात आजाराबद्दल कंपनीला काय सांगायचं आणि काय नाही, हे त्या माणसानं ठरवायचं, तू नाही.

आता अवतीभवतीचं. रुजू व्हायच्या आधी त्या मुलाबरोबर घरापासून गेटपर्यंत जाऊन ये, तेही पाळीच्या वेळेला. दुपारी बारा वाजताचा अंबडचा रस्ता आणि सकाळी साडेसहाचा रस्ता वेगळा असतो. सिटीलिंकची बस थांब्यापर्यंत सोडते. पुढे गेटपर्यंत ट्रकच्या कडेकडेनं चालावं लागतं, फुटपाथ असेलच असं नाही, आणि पावसाळ्यात खड्डा किती खोल ते दिसत नाही. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला हा टप्पा सरावानं पाठ व्हावा लागतो. दुसरी पाळी सुटल्यावर परतीची बस आहे का, हे ऑफर लेटर येण्याआधी बघायचं.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीत घोळ होतो तो सूचनांमुळे. ‘उद्या रविवार भरून काढायचा आहे’ असं सुपरवायझर मशीनच्या आवाजात ओरडून सांगतो. सगळे येतात, आपला मुलगा येत नाही, गैरहजेरी लागते. असं दोनदा झालं की ‘बेशिस्त’ हा शिक्का बसतो. व्हॉट्सअॅपवर लिहून टाका म्हणावं, पण तेवढ्यानं भागत नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आणि खुणांच्या भाषेत वाढलेल्या मुलाला लांबलचक मराठी वाक्य अवघड जातं. तारीख, वेळ आणि फोटो पुरे. बाजूच्या दोघातिघांना पाच-दहा खुणा शिकव. तरुण कामगार हौसेनं शिकतात, आणि मग डबा खायला तो एकटा बसत नाही. कॅन्टीनमध्ये एकटा बसणारा मुलगा फार दिवस टिकत नाही, हे मी पैजेवर सांगतो.

सुपरवायझर बदलला की तोंडी ठरलेलं सगळं वाहून जातं. म्हणून काय ठरलं ते एका पानावर लिहून एचआरकडे ठेव. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ इथे उपयोगी पडतो, पण नीट वाचून जा. सरकारी नोकऱ्यांतलं ४ टक्के आरक्षण खासगी कारखान्याला लागू नाही. मालक तसं म्हणाला तर वाद घालू नकोस, तो बरोबर आहे. मात्र कलम २१प्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण प्रसिद्ध करायचं आहे, आणि २०१७च्या नियमांनुसार २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात समन्वय अधिकारीही नेमायचा आहे. बऱ्याच ठिकाणी हा कागदच नसतो. गेटवर कायद्याची भीती घालण्यापेक्षा ‘मसुदा मी करून देतो’ म्हण. पुढच्या सुपरवायझरला दाखवायला तोच कागद कामाला येतो.

घरची धास्ती ही सगळ्यात दुर्लक्षित बाजू. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान उत्पन्नाच्या मर्यादेवर अवलंबून असतं. महिन्याला ठरलेलं येणारं अनुदान गेलं आणि नोकरीही गेली तर, हा आईचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या वडिलांचा हिशोब आणखी लांबचा असतो. आपल्या माघारी दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण तो स्वतः किती कमावतो तेही त्यात बघितलं जातं. याची उत्तरं घराघरात वेगळी निघतात. त्यांचे कागद घेऊन बस, संबंधित कार्यालयातून लेखी खुलासा मिळव, मगच नोकरीचं बोल. नाहीतर आठव्या दिवशी आईची तब्येत बिघडते आणि मुलगा घरी राहतो. तुझ्या त्या मुलाच्या घरी तू गेला होतास का? पत्रात तसं काही दिसलं नाही.

ठेकेदारापासून सावध राहा. ‘घरीच तर बसला होता, अर्ध्या पगारात घेतो’ असं म्हणणारा भेटेल, आणि उपकार केल्यासारखं म्हणेल. तिथून सरळ उठून ये. किमान वेतन, पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांत सूट नाही. ईएसआयची पगारमर्यादा इतरांना २१,००० रुपये आहे, दिव्यांग कामगाराला २५,०००. पगार वाढला म्हणून घाईनं कोणी नाव कमी करत असेल तर हा आकडा दाखव.

पहिले दिवस तू शेजारी उभा राहशील, ते ठीकच. पण सुपरवायझर त्याच्याबद्दल तुला विचारायला लागला की ‘त्यालाच विचारा’ म्हण आणि दोन पावलं मागे सरक. मग दाराशी, मग गेटबाहेर, मग फोनवर. अडलं तर कोणाकडे जायचं, तो माणूस त्याच शेडमधला हवा. तू पाळी बदलताना जा, सुपरवायझर बदलला की जा, पहिल्या पगाराच्या दिवशी जाऊन पगारपत्रकातली कपात त्याच्याबरोबर बसून समजून घे. दिवाळीआधी एक फेरी नक्की मार. वर्षात ३० दिवस काम केलेला कामगारही बोनसला पात्र असतो, आणि ठेकेदाराच्या यादीतून नेमकी अशीच नावं गळतात. यादी लागली की आपलं नाव त्याला स्वतः शोधू दे. नसेल तर ऑफिसात जाऊन विचारायचंही त्यानंच. तू बाहेर थांब.

तुझा,
जुना सहकारी