एमजीबी की ट्रायम्फ टीआर6?

या दोन जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची तुलना करायला घेतलीत, छान! पण नुसत्या अश्वशक्तीवरून निकाल लावू नका. नवखे तिथेच फसतात.

त्याहून मोठी चूक म्हणजे गाडी कोणत्या देशासाठी बनली ते न पाहणं. टीआर6चं 2498 सीसीचं सहा सिलिंडरी इंजिन ब्रिटनमध्ये पेट्रोल इंजेक्शनसह 150 अश्वशक्तीचं म्हणून विकलं गेलं. अमेरिकेत कार्ब्युरेटरवर तेच साधारण 104. नाव एक, गाड्या दोन! सुरुवातीची एमजीबी 1798 सीसी, 95 अश्वशक्ती, पण वजनाला बरीच हलकी.

म्हणून आधी एवढंच टिपा:

- देश आणि वर्ष. 1974च्या अखेरीस एमजीबीला रबरी बंपर आले, उंची वाढली आणि वळणावर ती जास्त झुकू लागली.
- वजन.
- मागचं सस्पेन्शन: एमजीबीला लीफ स्प्रिंग (पोलादी पट्ट्यांची), टीआर6ला स्वतंत्र, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलतं.

कॅमशाफ्ट, गिअर रेशो सध्या राहू द्या.