सौरपंप आले, आता पाणी पुरेल का?

प्रश्न : आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं. शिवार १,००० हेक्टर, पाऊस ५०० मिमी, वस्ती २,०००, जनावरं हजारभर. यंदा चाळीस जणांना ५ एचपीचे सौरपंप मिळाले. पाणीटंचाई मिटेल का?

उत्तर : नुसत्या पंपांनी मिटणार नाही. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाणं थांबलं, ही फार मोठी सोय झाली. पण उपशाला ना बिल, ना लाइटीची वाट पाहणं. तेव्हा उपसा वाढणारच.

हिशेब मांडा. हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० हजार लिटर. तुमच्या शिवारात ५०० कोटी लिटर पडतं. त्यातलं बरंचसं उडून जातं, ओढ्यानं वाहतं किंवा खरिपाची ओल होतं. आपल्या काळ्या पाषाणात मुरून विहिरींना येणारं दहा टक्के धरा, म्हणजे ५० कोटी. माणशी रोज ५५ लिटरनं वर्षाला ४ कोटी, जनावरामागे ७० लिटरनं अडीच कोटी. उरलं ४३.५ कोटी. पाणी ५० मीटरवर असेल तर स्वच्छ उन्हात असा पंप दिवसाला लाखभर लिटर काढतो. चाळीस पंप डिसेंबरपासून रोज चालले, तर मार्चच्या मध्याला हिशेब संपला. त्यापुढचा उपसा पिण्याच्या वाट्यातून, म्हणून एप्रिल-मेमध्ये पिण्यासाठी टँकर.

हेच पाणी हरभऱ्याला एकरी १२ लाख लिटरनं दिलं, तर ३६० एकर भिजतं. उसाला एकरी ८० लाख लागतात, म्हणजे जेमतेम ५४ एकर.

शिवाय पंप मिळतो कुणाला? ज्याच्याकडे सातबारा आणि पाण्याचा स्रोत आहे त्याला. भूमिहीनाच्या वाट्याला काय, याचं उत्तर कुठल्याच यंत्रात नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा ते उत्तर नियमात दिलं गेलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. हक्क जमिनीला नाही, माणसाला. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. हिवरे बाजारनंही सिंचनासाठी बोअर आणि ऊस-केळीवर बंदी घातली.

तुम्ही एवढं करा. सहा-सात विहिरी ठरवून सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर टेपनं पातळी मोजा, आकडे चावडीवर लिहा. रब्बी पेरणीआधी ग्रामसभेत पीकनिहाय एकर ठरवा. पिण्याच्या विहिरीजवळच्या पंपांना मीटर लावा. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे, ती ठरावात नोंदवा. असे ठराव बहुधा एकाच कारणानं मोडतात : विहीर नसलेल्यांना त्यात काहीच मिळत नाही, म्हणून राखायला कुणी उभं राहत नाही.

प्रश्न : मग ठिबक सगळ्यांनी केलं तर?

उत्तर : ठिबकनं उसाचं पाणी एकरी ५० लाखांवर येईल, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लागला तर उपसा तेवढाच. त्यामुळे आधी क्षेत्र बांधून घ्या, मग ठिबक. क्षारानं ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, तुंबले की माणसं पुन्हा पाट सोडतात. म्हणून फिल्टर रोज धुवा, लॅटरलची, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या बारीक नळ्यांची, टोकं आठवड्याला उघडून फ्लश करा, आणि ड्रिपरखाली भांडं ठेवून तासाला किती पाणी पडतं ते महिन्यातून एकदा मोजा.