भर श्रावणात पेटीत पाण्याची वाटी कशाला?

प्रश्न असा आहे: गुहागर तालुक्यात गावी राहायला आलो आहे. थर्माकोलच्या पेटीत ६० वॅटचा बल्ब आणि थर्मोस्टॅट लावून श्रावणात गावठी कोंबडीची २४ अंडी उबवायला ठेवली. तापमान ३७.५ ते ३८ राहिलं. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे पहिल्या दिवसापासून पाण्याची वाटी ठेवली. ४ पिल्लं निघाली, ६ अंडी पोकळ (गर्भच न धरलेली), ३ मधेच मेलेली, आणि ११ अंड्यांत पूर्ण वाढ झालेलं, पिसं आलेलं, ओलंचिंब पिल्लू आतल्या आत मेलेलं. काय चुकलं?

उत्तर:

ती ६ पोकळ अंडी आणि मधली ३ सोडून द्या. कोंबडा एक आणि कोंबड्या जास्त असल्या की काही अंडी पोकळ निघतातच, आणि मधे दोन-तीन जातातही. तुमचा खरा प्रश्न त्या ११ अंड्यांचा आहे. पिसांपर्यंत पोचलेलं पिल्लू शेवटच्या दोन दिवसांत जातं, तेही ओलंचिंब, तेव्हा माझा पहिला संशय वाटीवर. तापमान चुकलं तरी किंवा अंडी नीट फिरवली नाहीत तरी शेवटी मर होते, पण तुमचं वर्णन पाण्याकडेच बोट दाखवतंय.

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. २१ दिवसांत त्यातून हवा आत जाते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. पहिल्या १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के उतरलं पाहिजे. जेवढं पाणी जातं, तेवढी अंड्याच्या बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू आधी त्या पोकळीत चोच घालतं, फुप्फुसाने पहिला श्वास तिथे घेतं आणि मग कवच टोचतं. पाणी उडालंच नाही तर पोकळी लहान राहते, पिल्लाला मान वळवायला जागा मिळत नाही आणि ते घरातच गुदमरतं.

आता तुम्ही म्हणाल, व्हिडिओवाला तर ५० ते ५५ टक्के आर्द्रता ठेवा म्हणतो. बरोबरच म्हणतो. पण कोरड्या मुलखात तेवढी यायला वाटी लागते. आपल्याकडे श्रावणात बाहेरची हवा २७ अंश आणि ९० टक्के ओली असते. तीच हवा पेटीत शिरून ३७.५ ला तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते, कारण गरम हवेत जास्त वाफ मावते. अंगणात आठ दिवस न वाळणारे कपडे चुलीजवळच्या दोरीवर रात्रीत वाळतात, तसंच हे. म्हणजे कोकणातल्या पावसाने तुमची वाटी आधीच भरून दिली होती, तुम्ही तिच्यावर दुसरी ठेवलीत. पौषात, हवा जरा कोरडी असते तेव्हा, लहान वाटी लागू शकते. जून ते सप्टेंबर मी पहिले १८ दिवस पेटीत थेंब ठेवत नाही.

आर्द्रता दाखवणारं स्वस्त यंत्र घेतलं असेल तर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओलसर करा (विरघळवायचं नाही), आणि ते झाकण व यंत्र एका घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दिसलं पाहिजे. माझं पहिलं यंत्र ६६ दाखवत होतं, आणि मी बिचारा त्याच्यावर भरवसा ठेवून पाणी वाढवत होतो.

त्याहून सोपा आणि खात्रीचा उपाय म्हणजे वजनकाटा. सगळी अंडी एकदम तोला. २० गावठी अंडी ९०० ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी ८६० च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ७९० ते ८०० असायला हवीत. उतार कमी असेल तर पेटीची भोकं वाढवा, जास्त असेल तर वाटी ठेवा. मधे पोकळ अंडं काढून टाकलंत तर त्याचं वजन हिशोबातून वजा करायला विसरू नका. मी विसरलो होतो.

भोकांवरून आठवलं, तुम्ही पेटीला किती भोकं पाडलीत ते लिहिलेलं नाही. ऊब जाईल म्हणून लोक पेटी गच्च बंद करतात. शेवटच्या आठवड्यात आत वीस जीव श्वास घेत असतात. खाली दोन आणि वर दोन, करंगळीएवढी तरी हवीतच. पंखाही लिहिलेला नाही. जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावा, नाहीतर वरची अंडी शिजतात आणि कोपऱ्यातली गारठतात. पंखा असेल तर ३७.५ ठेवा. नसेल तर अंड्यांच्या वरच्या कडेला ३८.५ लागतं, कारण खाली ते कमीच असतं. म्हणजे पंख्याशिवाय तुमचे ३७.५ बहुधा अपुरेच होते.

फिरवण्याबद्दल थोडक्यात. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, पेन्सिलीनेच. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. संख्या विषम ठेवायची, म्हणजे रात्रीचा मोठा पल्ला रोज त्याच कुशीवर जात नाही. अठराव्या दिवशी फिरवणं बंद. आता मात्र वाटी ठेवा, ओलं फडकंही ठेवा, आर्द्रता ६५ ते ७० न्या आणि झाकण उघडू नका. या तीन दिवसांना इंग्रजीत लॉकडाऊन म्हणतात. पहिलं भोक पडल्यावर पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास घेतं. हात शिवशिवतात, पण कवच सोलायला जाऊ नका, आत अजून रक्त वाहत असतं. निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस निभावतं, त्यामुळे पिसं सुकेपर्यंत त्याला खायला घालायची घाई नको.

खरा लॉकडाऊन होता तेव्हाच मी पेटी बनवली. आमचं गाव आंजर्ल्याजवळ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा पेटीतल्या ११ अंड्यांचा तेरावा दिवस होता. पडवीची कौलं उडाली, माड आडवे झाले आणि लाईट गेली ती कित्येक दिवस आली नाही. पेटी गोधडीत गुंडाळून, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून संध्याकाळपर्यंत ढकललं. शेजारच्या काकी आपलंच छप्पर बघत होत्या, तरी म्हणाल्या, "अरे, त्या पेटीचं काय घेऊन बसलायस? माझी खुडूक बसलेय चार दिवस नुसत्या पेंढ्यावर. आण इकडे." खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी. काळोख पडल्यावर अंडी एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली. रात्रीच सरकवायची, दिवसा कोंबडी ओळखते आणि टोचते. ११ पैकी ८ निघाली. लाईट असतानासुद्धा माझ्या पेटीने तोवर निम्म्याच्या वर मजल मारली नव्हती.

तेव्हापासून पावसाळ्यात मी खुडूक कोंबडी असेल त्याच सुमारास पेटी भरतो. कोंबडी १० ते १२ अंडी घेते, उरलेली पेटीत. लाईट दोन-तीन तास गेली तर घाबरू नका, कोंबडीही चरायला उठतेच. आजी कोंबडी बसवताना विजांपासून राखण म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवायची. त्याने काय होतं माहीत नाही, पण काकींनी त्या रात्री ठेवला होता आणि मी काढला नाही.

पुढच्या खेपेला आठवड्याच्या आतली, न धुतलेली अंडी घ्या. आठव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चवर धरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात का ते बघा. पेटी वाटीशिवायच सुरू करा, आणि सातव्या दिवशीचं वजन इथे लिहा. वाटी ठेवायची की नाही ते त्या आकड्यावरून सांगतो.