मंद रिॲक्शनला किती वेळ द्यायचा?

"मॅडम, शर्मा सर २७व्या वर्षी प्रोफेसर झाले. मी ४३चा, अजून असोसिएट प्रोफेसरच."

संशोधनातली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुतेकदा हीच खंत घेऊन. हे सर केमिकल इंजिनिअरिंग शिकवतात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). शिक्षण माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात. तिथल्याच प्रा. मनमोहन शर्मांनी केंब्रिजची पीएचडी करून १९६४ मध्ये, २७व्या वर्षी, यूडीसीटीतच प्राध्यापकपद स्वीकारलं. १९९०मध्ये ते रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या नामांकित विज्ञानसंस्थेचे फेलो झाले. असा आदर्श समोर असणं भाग्याचंच. पण सर त्याच आकड्यानं रोज स्वतःला मोजत होते.

दोन भेटी निवड समितीवरच्या रागात गेल्या. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "विद्यार्थ्याचं कन्व्हर्जन, म्हणजे रिॲक्शन होऊन बदललेल्या मालाचं प्रमाण, कमी आलं, तर त्याला काय सांगता?"

"आधी रेसिडेन्स टाइम बघ, म्हणतो."

"म्हणजे?"

त्यांनी माझ्याच पॅडवर एक लांब नळी काढली. "माल रिॲक्टरमध्ये सरासरी किती वेळ राहतो, तो. रिॲक्शन मंद असेल आणि तुम्ही माल भराभर ढकललात, तर तो कच्चाच बाहेर पडणार. त्यात रिॲक्टरचा काय दोष?"

पेन नळीच्या तोंडाशीच थांबलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पोरांना रोज सांगतो हे. स्वतःला कधी नाही सांगितलं."

त्या क्षणाचं मला आजही समाधान आहे, कारण उत्तर त्यांच्याच विषयातून आलं. बढती हुकली की वाईट वाटणारच, वाटू द्यावं. झोप उडवतं ते त्यापाठोपाठ आपण मनात म्हणतो ते वाक्य: 'म्हणजे मी नालायक.' सरांना मी ते कागदावर लिहायला लावलं आणि शेजारी पुरावा मागितला. पुराव्याच्या रकान्यात आलं ते उलटंच: कोक, म्हणजे कार्बनचा थर, साचून कॅटॅलिस्ट (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) निकामी का होतो, यावरचं सात वर्षांचं काम.

तुमचंही असं होत असेल, तर ते वाक्य आजच लिहून काढा. तुलना करायचीच तर विषय, काळ, हाताशी असलेली साधनं, सगळं धरून करा. आणि घरच्यांनो, जेवताना "झालं का प्रमोशन?" विचारू नका. "आज लॅबमध्ये काय झालं?" एवढं विचारून बघा.

सरांचं बढतीचं पत्र अजून आलेलं नाही. सहाव्या भेटीला ते अर्धा तास उशिरा आले. लॅबमध्ये एका विद्यार्थिनीचा कॉलम (प्रयोगाचा उभा नळा) फ्लड झाला होता, म्हणजे त्यात द्रव तुंबला होता, तो सुरळीत होईपर्यंत तिच्यासोबत थांबले होते.