सगळंच व्हिडिओवर न्यायचं का?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही तिघं मित्र नागपूरच्या बातम्यांची वेबसाईट अन् फेसबुक पेज चालवतो, ऑफिस म्हणजे सक्करदऱ्यातली एक खोली. आधी पोस्ट टाकली की लोक धडाधड साईटवर यायचे, आता लिंकला कुत्रं विचारत नाही. पार्टनर म्हणतो साईट बंद करू, कॅमेरा घेऊ, दोन एडिटर ठेवू अन् फक्त रील्स-यूट्यूब करू. मला धाकधूक होते. काय करावं, सांगा ना.

उत्तर : लिंकचा रीच पडला त्यात तुमचा काही दोष नाही हो, जानेवारी 2018 मध्येच फेसबुकनं सांगून टाकलं होतं की फीडमध्ये आधी घरच्यांच्या, मित्रांच्या पोस्ट, पेजेसचं मागून. पण 'सगळं व्हिडिओवर' हा खेळही होऊन गेलाय. 2015 ते 2017 च्या काळात अमेरिकेत कित्येक मीडिया कंपन्यांनी लिहिणारी माणसं काढून व्हिडिओवाले भरले, अन् मधेच सप्टेंबर 2016 मध्ये फेसबुकनं कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ बघतात तो आकडा फुगलेला होता, 3 सेकंदांच्या आत सटकणारे त्यात धरलेच नव्हते! आपल्याकडे तर जून 2020 मध्ये टिकटॉकच बंद झालं, ज्यांचं सगळं तिथंच होतं ते रातोरात शून्यावर.

म्हणून व्हिडिओ करा, पण फोनवर करा. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळायलाच 1000 सबस्क्रायबर अन् वर्षभरात 4000 तासांचा वॉचटाइम, नाहीतर 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज लागतात, तोवर दोन पगार कुठून द्याल? लहान असण्याचा एवढाच तर फायदा आहे, की फसलं तर गुपचूप गुंडाळता येतं, कॅमेऱ्याचे हप्ते सुरू झाले की तेही जमत नाही.

खरी मेहनत दुसरीकडे घ्या. अंबिया बहराचा माल निघतो त्या दिवसांत कळमना मार्केटात संत्र्याचा आज काय भाव निघाला हे काटोल-वरुडच्या शेतकऱ्याला रोज हवंच असतं, कोणता माल कितीला गेला एवढं जरी व्हॉट्सअ‍ॅपवर नेमानं टाकलं तरी माणूस स्वतःहून नंबर देतो, अन् ती नंबरांची यादी तुमची राहते, तिथं कोणाला काय दिसेल ते ठरवणाऱ्या अल्गोरिदमची मर्जी सांभाळावी लागत नाही. मग खत-औषधवाल्या दुकानदाराकडे थेट जा जाहिरातीला. पैसा उशिरा देतील, दहा चकरा मारायला लावतील, चहा मात्र नक्की पाजतील. हिवाळी अधिवेशनाच्या बातम्यांमागे धावू नका, तिथं मुंबईचे सगळे चॅनल्स येऊन बसलेले असतात.

साईट राहू द्या, डोमेन-होस्टिंगचा वर्षाचा खर्च एका एडिटरच्या महिन्याच्या पगारापेक्षा कमीच असेल.