ट्रान्सफॉर्मर राहू दे, आधी हॉपफिल्ड कर

अरे, असोसिएटिव्ह लर्निंग कुठून सुरू करू विचारलंस ना, तर एकदम ट्रान्सफॉर्मरवर (चॅटजीपीटीसारख्यांच्या मागचं मॉडेल) उडी मारू नकोस. असोसिएटिव्ह लर्निंग, म्हणजे दोन गोष्टींची सांगड घालून शिकणं, कळायचं असेल तर आधी हेबचा १९४९ चा नियम कागदावर करून बघ, दोन न्यूरॉन एकाच वेळी पेटले की त्यांच्यातलं वेट, म्हणजे जोडणीची ताकद, वाढतं, बस. पाव्हलॉवच्या कुत्र्याची गोष्ट (घंटा ऐकली की लाळ) यातच येते. फक्त नुसता हेब वापरलास तर वेट वाढतच सुटतात, म्हणून एरर, म्हणजे हवं ते उत्तर आणि आलेलं उत्तर यातला फरक, बघणारा नियम लागतो. विड्रो-हॉफचा १९६० चा डेल्टा रूल (हाच तो एरर बघणारा नियम) आणि प्राणी कसे शिकतात याचं रेस्कोर्ला-वॅग्नरचं १९७२ चं समीकरण शेजारी शेजारी लिही, जवळपास एकच निघतं, मला तर हसूच आलेलं.

मग १९८२ चं हॉपफिल्ड नेटवर्क, म्हणजे बिघडलेल्या चित्रावरून साठवलेलं चित्र आठवणारं नेटवर्क, नमपायमधे (पायथनमधलं आकडेमोडीचं साधन) स्वतः लिही, नेटवर्कची तयार लायब्ररी नको. १० बाय १० चा ग्रिड, म्हणजे १०० न्यूरॉन, काळा ठिपका +१ नि पांढरा -१, तीन अक्षरं शिकव, एकाचे १५ ठिपके उलटे कर आणि बघ ते परत आठवतं का. घ आणि ध सोबत घेऊ नकोस, सरमिसळ होते. वेटच्या तक्त्याचा डायगोनल शून्य ठेव, म्हणजे न्यूरॉनची स्वतःशीच जोडणी नको, आणि न्यूरॉन एकेक करून अपडेट कर, मी सगळे एकदम करत होतो तर नेटवर्क दोन चित्रांमधेच हेलकावे खात बसलं, दोन दिवस बग शोधत होतो!

एकमेकांसारखे नसलेले रँडम पॅटर्न असले तरी १०० न्यूरॉनमधे साधारण १४ च मावतात. आणि कधी अक्षर पूर्ण निगेटिव्ह होऊन आलं तर घाबरू नको, उलटं चित्रही आपोआप साठतंच.