कोविडच्या बूस्टर डोसकडे लोकांनी पाठ का फिरवली?

"पहिल्या दोन डोसांसाठी लोक पहाटेपासून रांगेत उभे होते, स्लॉटसाठी मोबाइल हातात घेऊन बसले होते. मग तिसरा डोस फुकट असूनही केंद्रं ओस का पडली? सरकारचं नेमकं कुठे चुकलं? आणि आईने दोन्ही डोस घेऊनही कोविनवर (सरकारच्या लस-नोंदणीच्या पोर्टलवर) एकच दिसतो, त्याचं काय करायचं?" असे तीन प्रश्न तुम्ही एका दमात विचारले आहेत. पहिल्या दोघांचं उत्तर एकच आहे, तिसऱ्याचं वेगळं.

"लोक निर्धास्त झाले" हे तयार उत्तर सगळेच देतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. माझ्या मते खरी गोम तारखांमध्ये आहे. लोकांना डोस हवा होता तेव्हा तो नियमात बसत नव्हता, आणि नियमात बसायला लागला तोवर भीती ओसरली होती.

२५ डिसेंबर २०२१ च्या रात्री पंतप्रधानांनी तिसऱ्या डोसची घोषणा केली. १० जानेवारी २०२२ पासून तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि सहव्याधी (आधीपासूनचे इतर आजार) असलेले ६० वर्षांवरचे लोक यांनाच मिळणार होता. त्यातही अट अशी की दुसऱ्या डोसला ९ महिने, म्हणजे ३९ आठवडे पूर्ण झालेले हवेत. आता हे गणित एका साध्या माणसाला लावून बघा. १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण १ मे २०२१ ला सुरू झालं. त्या पहिल्याच दिवशी कोविशील्ड घेतलेला तरुण धरा. १३ मेला दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं गेलं, म्हणजे त्याचा दुसरा डोस लवकरात लवकर २४ जुलैला. त्यात ३९ आठवडे मिळवले की तारीख येते २३ एप्रिल २०२२. ही सर्वांत नशीबवान माणसाची तारीख झाली. जून-जुलैमध्ये पहिला डोस मिळालेल्या कोट्यवधी लोकांची पाळी जून-जुलै २०२२ मध्ये यायची होती. कोवॅक्सिनवाल्यांचं अंतर २८ दिवसांचं असल्यामुळे ते आधी पात्र झाले, पण ते संख्येने थोडे. देशात दिलेल्या डोसांपैकी साधारण ८० टक्के कोविशील्डचे होते.

हेच अंतर ९ ऐवजी ६ महिने ठेवलं असतं तर त्याच तरुणाची तारीख आली असती २२ जानेवारी २०२२, म्हणजे ओमायक्रॉनच्या तिसऱ्या लाटेचं ऐन शिखर. घरोघरी ताप होता, लोक घाबरलेले होते आणि डोस घ्यायला तयार होते. नेमक्या त्याच दिवसांत कोविन त्यांना "अजून पात्र नाही" असं सांगत होतं. बरं, त्या लाटेत ज्यांना लागण झाली त्यांना बरं झाल्यावर ३ महिने थांबायला सांगितलं होतं. अंतर ९ वरून ६ महिन्यांवर आलं ते ६ जुलै २०२२ ला, लाट जाऊन पाच महिने झाल्यावर.

यात सरकारच्या बाजूनेही बोलायला हवं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) जून-जुलै २०२१ च्या चौथ्या सीरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीच्या पाहणीत, ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या होत्या. म्हणजे दुसऱ्या लाटेपर्यंत बहुतेकांना लागण होऊन गेली होती आणि त्यावर दोन डोस पडले होते. अशा धडधाकट तिशीतल्या माणसाला तिसऱ्या डोसचा फायदा थोडाच होता. आधी वयस्कर आणि आजारी लोकांना द्यायचा हा क्रम बरोबरच होता. पण मग १८ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी डोस खुला करताना तो कशासाठी, कुणाला जास्त गरजेचा, हे स्पष्ट सांगायला हवं होतं. ते झालं नाही. शिवाय नाव ठेवलं "प्रिकॉशन डोस". बूस्टर म्हटलं की काहीतरी कमी झालंय आणि ते भरून काढायचंय हे कळतं. "खबरदारी" म्हटलं की लोकांनी तो ऐच्छिक मानला आणि सोडून दिला.

ज्येष्ठांच्या बाबतीत तर घोषणेतल्या दोन शब्दांनी घोळ घातला. "डॉक्टरांच्या सल्ल्याने" असं म्हटल्यामुळे अनेकांना वाटलं की सहव्याधीचं सर्टिफिकेट लागेल. तसं लागणार नाही हा खुलासा तीनच दिवसांत आला, पण खुलासे घोषणेइतके लांब पोहोचत नाहीत. सहव्याधीची अट पूर्णपणे निघाली ती १६ मार्च २०२२ ला.

आता एप्रिलचा मासला बघा. महाराष्ट्रात २ एप्रिलला, गुढीपाडव्याला, सगळे निर्बंध उठले आणि मास्कही ऐच्छिक झाला. त्यानंतर आठच दिवसांनी, १० एप्रिलला, १८ वर्षांवरच्यांसाठी तिसरा डोस सुरू झाला, तोही फक्त खासगी केंद्रांवर आणि पैसे देऊन. मुंबईच्या लोकलचा पास, मॉलचा दरवाजा, ऑफिसची हजेरी हे सगळं दोन डोसांवर अडलं होतं. तिसऱ्यावर काहीच अडत नव्हतं. (अडायला हवं होतं असं मी म्हणत नाही. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानेही लस कुणावर सक्तीने लादता येणार नाही असा निकाल दिला.)

किमतीचा हिशेब जरा खोलात जाऊन बघण्यासारखा आहे, कारण "हॉस्पिटलने परत पाठवलं" ही त्या काळातली सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. कोविशील्डची किंमत खासगीसाठी ६०० वरून आणि कोवॅक्सिनची १,२०० वरून २२५ रुपयांवर आणली गेली. त्यावर ५ टक्के जीएसटी धरून २३६ रुपये २५ पैसे आणि सेवाशुल्क जास्तीत जास्त १५०. म्हणून पावतीवर ३८६ रुपये २५ पैसे हा विचित्र आकडा दिसायचा. कोविशील्डच्या कुपीत १० डोस, प्रत्येकी अर्धा मिली. एकदा कुपी उघडली की ४ तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं. म्हणून नर्स कुपी उघडताच तिच्या लेबलवर वेळ लिहिते. समजा दिवसभरात तिघेच आले. कुपीला लागले २,३६२ रुपये ५० पैसे, तिघांकडून मिळाले १,१५८ रुपये ७५ पैसे. सिरिंज, कापूस, माणसांचा पगार न धरताही बाराशेच्या वर तोटा. सहा जण आले तरी थोडं कमीच पडतं, सातवा आला की कुठे कुपीचा खर्च निघतो. म्हणून रिसेप्शनवरून "सात-आठ जण जमले की फोन करतो" असं सांगायचे, आणि तो फोन यायचा नाही. लहान हॉस्पिटलांनी लवकरच हा नाद सोडला. मोठ्यांकडे आधीच्या दराने घेतलेला साठा मुदत संपायच्या वाटेवर पडून होता.

सरकारी केंद्रावर पैशांची अडचण नव्हती, पण वाया जाणाऱ्या डोसांचा जाब द्यावा लागायचा. त्यामुळे तिथेही दुपारी चारनंतर एकटा माणूस आला की कुपी उघडायला हात आखडायचे. कोर्बेव्हॅक्स या आणखी एका लसीची सरकारी कुपी तर २० डोसांची होती. तिथे "उद्या सकाळी या" हे ठरलेलं. रोजंदारीवरच्या माणसाला "उद्या या" म्हणजे खाडा. डोसनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते हे त्याला मागच्या दोन वेळी कळलेलं असतं, म्हणजे आणखी खाडा. तो परत का येईल?

१५ जुलै ते ३० सप्टेंबर २०२२ या काळात स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त १८ वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रांवर तिसरा डोस फुकट दिला गेला. तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला इथे दुरुस्त करावीशी वाटते. फुकट मोहिमेत केंद्रं ओस नव्हती. त्याआधी १८ ते ५९ वयोगटातल्या ७७ कोटी लोकांपैकी एक टक्क्यानेही डोस घेतला नव्हता, आणि देशभरात एकूण जे जवळपास २३ कोटी तिसरे डोस दिले गेले त्यातले बहुतांश या अडीच महिन्यांतले आहेत. घराजवळ आणि फुकट मिळाला तर बरेच लोक घेतात, हे यातून दिसतं. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये पात्र लोकांपैकी २७-२८ टक्क्यांनीच तो घेतलेला होता.

आणि मग डिसेंबरमध्येच चीनमधल्या नव्या लाटेच्या बातम्या येऊ लागल्या, लोक पुन्हा केंद्रांवर गेले, तर कोविशील्ड बऱ्याच ठिकाणी नव्हतीच. कोविशील्ड बनवणाऱ्या सिरमने मागणी नसल्यामुळे डिसेंबर २०२१ मध्येच उत्पादन थांबवलं होतं आणि सुमारे १० कोटी डोस मुदत संपून वाया गेले होते. सिरमचे प्रमुख अदर पूनावाला यांनी हे जाहीरपणे सांगितलं आहे. कोवॅक्सिन काही ठिकाणी शिल्लक होती, पण नियम "पहिली लस जी, तिसरीही तीच" असा. ऑगस्ट २०२२ पासून वेगळी लस म्हणून कोर्बेव्हॅक्सला मुभा मिळाली होती, हे अनेकांच्या गावीही नव्हतं. नाकातून द्यायची लस इन्कोव्हॅक २६ जानेवारी २०२३ ला आली. दोन्ही नाकपुड्यांत चार-चार थेंब, सुई नाही, साठवण २ ते ८ अंशांवर. पण खासगी दर होता ८०० रुपये अधिक जीएसटी. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची ओमायक्रॉनसाठी बनवलेली एमआरएनए लस जून २०२३ मध्ये मंजूर झाली, तेव्हा विचारणारं कुणी उरलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला कोविडची आणीबाणी संपल्याचं सांगून टाकलं होतं.

भीतीबद्दल दोनच वाक्यं. कोविशील्ड मूळ ज्या कंपनीची, त्या ॲस्ट्राझेनेकाने लशीमुळे क्वचित गुठळ्या होऊ शकतात अशी कबुली २०२४ मध्ये कोर्टात दिल्याचं कळल्यावर ज्यांनी कोविशील्डचे तीन डोस घेतले ते धास्तावले, पण रक्ताच्या गुठळ्यांचा तो दुर्मीळ प्रकार मुख्यतः पहिल्या डोसनंतर आणि साधारण ४ ते ४२ दिवसांत दिसतो. वर्षं उलटल्यावर त्यासाठी डी-डायमर (गुठळीचा अंदाज घेणारी रक्तचाचणी) वगैरे तपासण्या करत बसू नका.

आता आईच्या नोंदीचं. दोन डोस घेऊन एकच दिसतो तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं: पहिला डोस एका मोबाइल नंबरवर आणि दुसरा दुसऱ्याच नंबरवर नोंदला गेला. एका नंबरवर आधी चारच जणांची नोंद व्हायची (जानेवारी २०२२ पासून सहा), त्यामुळे पाचव्या माणसाचं नाव मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवर टाकलं जायचं. किंवा एकदा आधार आणि एकदा पॅन दाखवलं गेलं. मग कोविनसाठी त्या दोन वेगळ्या बायका झाल्या आणि दोघींचा पहिलाच डोस झाला. अशा माणसाला तिसऱ्या डोसचा पर्यायच दिसत नसे, हेही काहींनी तो न घेण्याचं एक कारण.

आधी घरातल्या सगळ्या नंबरांवरून ओटीपी घेऊन लॉगिन करा आणि आईच्या नावाची दुसरी नोंद सापडते का बघा. सापडली की दोन्ही सर्टिफिकेटं उतरवून घ्या आणि नाव, जन्मवर्ष, लिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जुळत असेल तर "रेज ॲन इश्यू" मध्ये दोन पहिल्या डोसांची सर्टिफिकेटं एकत्र करण्याचा पर्याय आहे, तो वापरा. जुळत नसेल तर आधी दुरुस्ती आणि मग एकत्रीकरण. इथे घाई करू नका, कारण दुरुस्ती एकदाच करता येते. पासपोर्ट असेल तर स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवा. एकीकडे वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडे नवऱ्याचं, हा आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा आहे, तो आधी तपासा.

दुसरी नोंद कुठेच सापडली नाही तर दुसरा डोस त्या दिवशी सिस्टीमवर चढलाच नाही असं समजा. शिबिरांमध्ये नेट नसलं की नावं वहीत लिहून रात्री भरायचे, त्यात काही राहून गेली. ही चूक घरबसल्या सुटत नाही. डोसची तारीख, केंद्राचं नाव आणि पहिल्या सर्टिफिकेटवरचा लाभार्थी क्रमांक घेऊन ते केंद्र ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा महापालिका दवाखान्याच्या हद्दीत होतं तिथे अर्ज द्या. तिथे हललं नाही तर जिल्हा परिषदेत जिल्हा प्रजनन व बाल आरोग्य अधिकारी, शहरात महापालिकेचा लसीकरण अधिकारी. अर्जाची पोच घ्या. आणि आईला परदेशी जायचं नसेल, कुणी ते सर्टिफिकेट मागत नसेल, तर हा सगळा खटाटोप न केलेलाच बरा. आईचं वय साठच्या पुढे असेल किंवा मधुमेह, किडनीचा विकार, कर्करोगाचे उपचार असं काही चालू असेल, तर आता लागणाऱ्या डोसबद्दल तिच्या डॉक्टरांना विचारा. कोविनवर काय दिसतं यापेक्षा तिने शेवटचा डोस कधी घेतला ही तारीख त्यांना जास्त उपयोगाची आहे.